सहावं नाव

आमच्या मेडिकल कॉलेजला सकाळी दोन बस येतात, एक जळगावहून आणि एक धुळ्याहून. कॉलेज दोन्ही शहरांच्या मधे, हायवेला लागून कपाशीच्या शेतात उभं आहे. जळगावचे लोक म्हणतात ते धुळ्याकडचं, धुळ्याचे म्हणतात ते जळगावकडचं, त्यामुळे त्याला हक्काचं माहेर असं नाहीच. मी जळगावच्या बसमधली. माझा विषय सामाजिक वैद्यकशास्त्र, म्हणजे बाकीच्या डॉक्टरांच्या मते गटारं, डास आणि लसीकरण. या मताला मी बरीच वर्षं उत्तर देत होते. आता देत नाही.

काही वर्षांपूर्वी डीननी मला बोलावून सांगितलं, की वरून आदेश आलाय, शिक्षकांच्या प्रगतीसाठी कॉलेजात एक कक्ष हवा आणि तो तुम्ही सांभाळायचा. मीच का, असं मी विचारलं. "तुमच्याकडे पेशंट नसतात ना," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितलं की मला धड रागही आला नाही. खोली मिळाली ती मोडक्या मायक्रोस्कोपची. मायक्रोस्कोप जिन्याखाली गेले, दारावर 'शिक्षक विकास कक्ष' अशी पाटी लागली आणि मी विकास करायला बसले.

तो विकास कोणालाच नको होता. प्राध्यापक मंडळींना कार्यशाळेसाठी बाकावर बसवलं की त्यांच्यातलं पहिल्या वर्षाचं पोरगं जागं होतं, हे मला तेव्हा कळलं. मागच्या बाकासाठी धावाधाव व्हायची. सर्जरीचे प्रमुख केस आली म्हणून उठायचे आणि कँटीनमधे वडापाव खाताना सापडायचे. एका बाईंनी तर मला सरळ विचारलं, "शिकवायचं कसं हे शिकायला आम्ही इतकी वर्षं शिकवलं का?" प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना चहा दिला.

कौतुकाची गोष्ट त्याहून अवघड. शिक्षकदिनाला 'उत्कृष्ट शिक्षक' म्हणून शाल-श्रीफळ द्यायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि ती शाल सेवाज्येष्ठतेने मिळते. निवृत्तीला जो सगळ्यात जवळ आलेला असेल तो त्या वर्षी सगळ्यात चांगला शिकवत असतो. मी एकदा सुचवलं, की निदान विद्यार्थ्यांना विचारून बघू. "पोरांना काय कळतं?" असं डीन म्हणाले आणि विषय संपला. खानदेशी माणूस तुम्हाला घरी बोलावून भरीत-भाकरी पोट फुटेस्तोवर खायला घालेल, आग्रह करकरून जीव नकोसा करेल, पण 'तू हे काम छान केलंस' एवढं एक वाक्य तोंडावर म्हणायचं झालं तर त्याच्या घशात अडकतं. तोंडावर वाखाणलं तर माणूस शेफारतो अशी आमची समजूत आहे. मी स्वतः याच मातीतली असल्यामुळे हे अधिकाराने सांगते.

या सगळ्यात भाऊ मला भेटले. भाऊ हे काही त्यांचं नाव नाही. शिंदखेड्याकडच्या एका गावातला हा माणूस ॲनाटॉमी विभागात सहायक प्राध्यापक होता, आणि शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्याला भाऊच म्हणायचे. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी पुस्तकं बघून पहिल्या आठवड्यात रडणारी पोरं भाऊंच्या टेबलाभोवती गोळा व्हायची. भाऊ त्यांना फळ्यावर रंगीत खडूने एकेक शीर, एकेक स्नायू काढून दाखवायचे, आणि मधेच अहिराणीत काहीतरी बोलून हसवायचे. शरीराची भीती गेली की इंग्रजीची आपोआप जाते, असं त्यांचं म्हणणं. देवमाणूस वगैरे मुळीच नव्हते. बैठकीला हमखास उशिरा यायचे, प्रत्येक गोष्टीला 'हो मॅडम' म्हणून मान डोलवायचे आणि नंतर त्यातलं काहीही करायचे नाहीत. टीका केली की दोन दिवस फुगून बसायचे.

त्यांच्या विभागात सहयोगी प्राध्यापकाची एक जागा रिकामी झाली होती. बढतीची समिती दिवाळीनंतर बसणार होती. आतला कोणी पात्र नसेल तर जाहिरात देऊन बाहेरचा माणूस घ्यायचा, असं संस्थेने ठरवलं होतं, आणि तो बाहेरचा कोण असणार हेही कुजबुजत सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंच्याच टेबलावर शिकून गेलेला, आता मोठ्या शहरात असलेला एक तरुण डॉक्टर गावाकडे परत यायला उत्सुक होता. तो आला असता तर भाऊ आपल्याच विद्यार्थ्याच्या हाताखाली गेले असते, आणि ती जागा पुन्हा रिकामी होण्याच्या आत भाऊंची निवृत्ती आली असती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

मी त्यांची फाइल मागवली. भाऊंनी शिकवलंय भरपूर, प्रशिक्षणं झालेली, शोधनिबंधही बरेच. म्हटलं, चला, हे काम सोपं आहे. मग मी निबंधांवरची लेखकांची नावं वाचायला लागले आणि कपाळाला हात लावला.

नियम असा होता, की निबंधावर ज्याचं नाव पहिल्या तिघांत आहे त्याचाच तो निबंध बढतीसाठी धरायचा, आणि असा निदान एक तरी हवा. भाऊंचं नाव प्रत्येक निबंधावर सहावं. एकावर सातवं. सगळ्यात आधी डीन, मग विभागप्रमुख, मग निवृत्त झालेले आधीचे विभागप्रमुख, मग ज्यांनी फोटो काढायला कॅमेरा दिला ते सर्जरीचे प्रमुख, मग ज्यांनी काही दिलं नाही पण ज्यांना वाईट वाटलं असतं ते आणखी एक कोणी, आणि त्यानंतर भाऊ. एका निबंधावर तर जे गृहस्थ निबंध छापण्याच्या आदल्या वर्षी वारले होते त्यांचंही नाव होतं.

"भाऊ, हे गृहस्थ आता नाहीत ना?" मी विचारलं.

"नाहीत मॅडम. पण काम त्यांच्या काळात सुरू झालं होतं. नाव कसं गाळायचं?"

"आणि हा क्रम कोणी लावला?"

"मीच लावला."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत नावं कशी छापतो आपण? आधी आजोबा, मग मोठे काका, मग धाकटे काका. घरातल्या पोराने राबायचं, पण पत्रिकेत काकांच्या आधी त्याचं नाव आलं तर काका मांडवातून उठून जातील की नाही?"

मला हसू आवरेना, आणि ते हसताहेत का हे बघितलं तर ते गंभीर होते. हा माणूस जगभरच्या डॉक्टरांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात भाऊबंदांची पत्रिका छापून आला होता, एकदा नव्हे, दरवेळी, आणि त्याला त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे ते निबंध माझे नाहीत?"

"नियमाप्रमाणे नाहीत."

त्यांनी फाइलमधले निबंध एकेक करून परत लावून ठेवले. मग म्हणाले, की गावाला गेलं की त्यांच्या वडिलांना लोक विचारतात, एवढा शिकलेला मुलगा, इतकी वर्षं झाली, अजून असिस्टंटच कसा? 'कोना असिस्टंट शे तो?' वडील म्हणतात, मोठ्या डॉक्टरचा. लोकांना वाटतं, हा पट्ट्या बांधून देत असेल. भाऊ हे हसत सांगत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. नम्रतेचाही एक माज असतो. मी मागे उभा राहतो, बघा मी किती मागे उभा आहे, असं म्हणणारा. तो माज त्यांच्यात आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी स्वतःच आले. हातात चित्रांचा एक गठ्ठा होता. विच्छेदन करताना दंडातली एक रक्तवाहिनी पुस्तकात दाखवली आहे तशी न सापडता वेगळ्याच वाटेने गेलेली त्यांना काही देहांत दिसली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ती काढून ठेवली होती. "यावर लिहू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लिहा, आणि आपलं नाव आधी लिहा, मग बाकीचं."

पावसाळाभर दुपारच्या जेवणानंतर ते माझ्या खोलीत येऊन लिहीत होते. इंग्रजी बरं होतं त्यांचं, पण त्यांच्या वाक्यांत कर्ता सापडायचा नाही. पाहिलं गेलं, नोंदवलं गेलं, आढळून आलं. कोणी पाहिलं? कोणी नोंदवलं? "विभागाने," ते म्हणायचे. मी म्हणायचे, विभागाला डोळे कुठे आहेत? बढतीच्या अर्जात स्वतःच्या कामाबद्दल एक परिच्छेद लिहायचा होता, तर त्यात त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'आदरणीय विभागप्रमुखांच्या कृपाशीर्वादाने'. मी ते खोडलं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य दुसऱ्या परिच्छेदात जाऊन बसलं होतं.

निबंध झाला. आता नावांचा प्रश्न. भाऊंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की विभागप्रमुखांच्या आधी माझं नाव घालायचं झालं तर ते मी त्यांना सांगणार नाही, मेलो तरी नाही. तेव्हा ते मला सांगावं लागलं.

ॲनाटॉमीच्या विभागप्रमुखांना सगळं कॉलेज नाना म्हणतं. धुळ्याचे, वयाने आमच्यात सगळ्यात मोठे, आवाज खणखणीत, मन मोठं. रोज घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची एक चवड आणि ठेच्याचा डबा आणायचे, आणि ज्याने डबा आणला नसेल त्याला हात धरून बसवायचे. भाऊंना नोकरीवर त्यांनीच घेतलं. भाऊंच्या घरात आजारपण आलं तेव्हा महिनाभर त्यांचे तास नानांनी घेतले होते, आणि ही गोष्ट मला भाऊंनीच कितीदा तरी सांगितली होती. म्हणजे खलनायक शोधायला गेलं तर सापडत नव्हता. तसा सापडला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी नानांच्या समोर बसले, भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि सांगितलं. नियम, जागा, बाहेरचा उमेदवार, सगळं.

"मग घाला ना त्याचं नाव आधी," नाना म्हणाले. "मी कुठे नाही म्हटलं? मी कधी त्याला म्हटलं का, की माझं आधी घाल?"

"नाही म्हटलं तुम्ही."

"मग?" ते म्हणाले. थोडा वेळ ठेचा कालवत बसले. "आणि माझं कुठे?"

मी म्हटलं शेवटी, आणि घाईने समजावलं, की मोठमोठ्या ठिकाणी ज्येष्ठ माणूस मुद्दाम शेवटी नाव घालतो, तो मान समजतात.

"तिकडे समजत असतील मॅडम," नाना म्हणाले. "इकडे पंगतीला शेवटी कोण बसतं ते मला माहीत आहे."

पण त्यांनी संमती दिली, सहीसुद्धा केली. पुढचे काही दिवस मला मात्र भाकरीसाठी हाक आली नाही. मी घरून डबा न्यायला लागले.

निबंध छापून आला, दिवाळीच्या थोडा आधी. भाऊंचं नाव पहिलं. ते पान मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी शेवटी बघितलं, मग मधे, आणि मग वर. सवयच तशी होती. मला वाटलं, झालं, आता मुलाखत म्हणजे नुसता उपचार.

समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, दुसऱ्या जिल्ह्यातले, चष्म्यावरून बघणारे. शिवाय डीन, विभागप्रमुख म्हणून नाना, आणि कक्षाची प्रमुख म्हणून एका कोपऱ्यात मी. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते. शिकवण्याबद्दल विचारलं तेव्हा बोलले, चांगलं बोलले. मग तज्ज्ञांनी फाइल उघडली, थोडी मागे-पुढे केली आणि म्हणाले, "डॉक्टर, एक गोष्ट मला समजत नाही. मुलाखतीच्या तोंडावर एक निबंध आलाय, त्यात तुमचं नाव सगळ्यात वर. त्याआधी सगळीकडे तुम्ही तळाला. मग आधी तुम्ही काही करत नव्हतात, की हा एक निबंध बढतीपुरता कोणीतरी जमवून दिलाय?"

प्रश्न कडू होता, पण रास्त होता. याची तयारी मी करून घेतलेली नव्हती, कारण हे मला सुचलंच नव्हतं. भाऊंना नव्या निबंधाबद्दल 'मी केलं' म्हणायला मी शिकवलं होतं. जुन्या निबंधांबद्दल तेच म्हणायचं, तर ज्यांची नावं वर आहेत त्यांनी काही केलं नाही असा त्याचा अर्थ होत होता. आणि त्यातले दोघे टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर बसले होते.

"सरांच्या मार्गदर्शनाखाली..." भाऊंनी सुरुवात केली.

"मार्गदर्शन मी विचारलेलं नाही," तज्ज्ञ म्हणाले. "काम कोणी केलं? लिहिलं कोणी?"

भाऊंनी नानांकडे बघितलं. नाना समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. डीननी घसा खाकरला, कारण त्यांचंही नाव होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि मी तोंड घट्ट मिटून बसले होते. ते वाक्य दुसऱ्या कोणी म्हणून उपयोग नव्हता.

"मी," भाऊ म्हणाले.

"कुठला?"

"सगळेच. पहिल्यापासून सगळे मीच लिहिले."

भाऊंनी नजर खाली घातली नाही. तज्ज्ञांनी नानांना विचारलं, "सर, तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

"नाही," नाना म्हणाले. "तो सांगतोय ते लिहून घ्या."

भाऊंना बढती मिळाली. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागू नये म्हणून हे आधीच सांगून टाकते. पण तो आदेश यायला अवकाश होता, आणि त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणालाच आदेशाचं काही सुचत नव्हतं. भाऊ मुलाखतीनंतर विच्छेदनगृहात जाऊन बसले ते बसची वेळ होत आली तरी बाहेर आले नाहीत. मी गेले तर म्हणाले, "मॅडम, मी नानांना भर समितीत खोटं पाडलं." मी म्हटलं, तुम्ही फक्त खरं सांगितलं. "दोन्ही एकच झालं ना," ते म्हणाले. मी बाकीच्यांना कार्यशाळेत शिकवते, की कामाचं श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. त्याचे फलक आहेत माझ्याकडे, रंगीत. श्रेय मिळवताना समोरच्याच्या घरची खाल्लेली भाकरी कशी पचवायची, याचा फलक नाही.

मुलाखतीचा तो दिवस शनिवार होता. माझी बहीण धुळ्याला असते आणि तिच्याकडे मला जायचं होतं, म्हणून मी धुळ्याच्या बसमधे चढले. ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या सीटवर नाना खिडकीशी बसले होते. मी त्यांच्या मागे बसले. ते मला बघून हसले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. बस भरली. सगळ्यात शेवटी भाऊ आले. नाना आणि भाऊ वर्षानुवर्षं एकाच सीटवर बसून जातात, हे मला त्या बसमधल्या लोकांच्या बघण्यावरून कळलं. नानांच्या शेजारची जागा कोणी घेतली नव्हती. मागेही एक जागा होती. भाऊ दांडीला धरून मधेच उभे राहिले. बस सुटली तरी उभेच.

कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगच्या कारखान्याकडे चालले होते, त्यामुळे बस हळूहळू जात होती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकला होता. बऱ्याच वेळाने नाना बोलले. कॉलेजात ते भाऊंशी कायम शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत बोलत. इथे बोलले ते घरच्या बोलीत.

"बठ ना. उभा कसाले शे?"

भाऊ बसले, सीटच्या कडेला, मुलाखतीत बसले होते तसेच. मी खिडकीतून बाहेर बघत असल्याचं दाखवत होते, पण माझे कान पुढच्या सीटवर होते. ऐकू नये हे कळत होतं. तरी ऐकलं.

"तू सांगं ते खरं शे," नाना म्हणाले. "मी काय लिखं नही. माले ठाऊक शे. पन माले आधी कसाले सांगं नही तू? एवढा वरीस झायात, रोज सोबत येस-जास."

भाऊंच्या झुकलेल्या मानेकडे बघून मला वाटलं, ते आता माफी मागणार, आणि इतक्या महिन्यांची माझी मेहनत पाण्यात जाणार.

"तुम्ही कधी इचारंच नही ना, नाना," भाऊ म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. खरोखरच काय झालं ते ते सांगत होते. नानांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. ट्रॅक्टर मागे पडले, बसने वेग घेतला. नानांनी एकदा चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला. वाटेतलं एक गाव आलं, दोन परिचारिका उतरल्या, बस परत निघाली. मला वाटलं, आता हे दोघे धुळ्यापर्यंत असेच जाणार, आणि कदाचित पुढेही असेच.

"आते काय लिखी ऱ्हायना तू?" नानांनी विचारलं.

भाऊ आधी अडखळले. मग सध्या लिहीत होते ते नवं सांगायला लागले, निबंधातली ती रक्तवाहिनी कोपराखाली पुढे कुठे वळते ते, स्वतःच्या हातावर बोट ठेवून. नाना त्यांच्याकडे पूर्ण वळून बसले, आणि धुळं येईपर्यंत मधे एकदाही न थांबवता ऐकत राहिले.